चार मिलिव्होल्टचा वाद

टर्नटेबलच्या सुईकडून येणारा विजेचा संकेत अतिशय क्षीण असतो. तो तसाच ॲम्प्लिफायरला जोडला तर गाणं जेमतेम ऐकू येतं, आणि तेही खर्ज हरवलेलं. हा संकेत मोठा करून त्याचा तोल सावरणारा जो डबा मधे लागतो, तो फोनो प्रीॲम्प. बोलताना नुसता ‘फोनो’. दादरच्या एका घरात सध्या याच डब्यावरून मामा-भाचीची जुंपली आहे. मामा बँकेतून निवृत्त झालेला, वडिलांकडून, म्हणजे आबांकडून, आलेल्या ७८ च्या तबकड्या आणि स्वतः जमवलेल्या एलपी सांभाळणारा. भाची इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. मामाला व्हॉल्व्हचा फोनो हवा आहे, भाचीला त्याची गरजच पटलेली नाही.

मामा : माझं ठरलंय. आत्ताचा हा डबा स्वस्तातला आहे आणि वाजतोही तसाच. परवा दुकानात व्हॉल्व्हवाला ऐकला. तंबोरे सुरू झाले आणि खोली भरून गेली गं! ऐंशी हजार सांगतायत.

भाची : दोन्ही डबे ऐकवताना आवाज सारखा करून घेतला होता का?

मामा : नॉबला कुणी हातच लावला नाही. होता तिथेच होता.

भाची : तिथेच तर गोम आहे. नॉब तोच राहिला, पण गेन वेगळा असणार. साध्या फोनोचा गेन ४० डेसिबल, म्हणजे संकेत शंभर पट होतो. दुसऱ्याचा समजा ४६ असेल, तर दोनशे पट. तीच रेकॉर्ड, तोच नॉब, पण बाहेर दुप्पट व्होल्टेज. आणि फरक एखाद्या डेसिबलचा असला, तर आपल्याला ‘आवाज वाढला’ असं वाटतच नाही. ‘गाणं खुललं’ असं वाटतं.

मामा : म्हणजे माझे कान खोटे? सवाई गंधर्वला रात्ररात्र मांडी घालून बसलेला माणूस आहे मी.

भाची : कानांबद्दल कोण बोलतंय? ज्या पद्धतीनं ऐकवलं ती चुकीची. तुझ्या जागी मी असते तर मलाही तोच आवडला असता.

मामा : बरं, मग तुझ्या मते या डब्याचं काम तरी काय? शंभर पट करणं, एवढंच?

भाची : ते अर्धं काम. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात. नाहीतर चर इतकी रुंद हेलकावेल की बाजूला अर्धीच गाणी मावतील आणि सुई उडेल ते वेगळंच. वरचे स्वर उलट वाढवून कापतात, कारण वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर तबकडीची सळसळही खाली येते. किती कमी, किती जास्त, याचं प्रमाण १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेनं ठरवलं. तोच आरआयएए कर्व्ह. फोनो त्याच्या नेमकं उलट करतो. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला जवळपास २० डेसिबल खाली. म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकात शंभर पटींचा फरक.

मामा : एवढं मोठं काम, आणि ते या काडेपेटीएवढ्या डब्यात होतं म्हणतेस?

भाची : होतं. दोन चांगले ऑप-ॲम्प, एक टक्क्याचे रेझिस्टर आणि नीट निवडून घेतलेले कपॅसिटर असले, की अर्ध्या डेसिबलच्या आत कर्व्ह बसतो. त्यात आता गुपित काही उरलेलं नाही.

मामा : मग लाखाचे फोनो घेणारे सगळे वेडे म्हणायचे!

भाची : तसं नाही. फोनो एकमेकांपासून वेगळे असतात, पण कुठला योग्य ते त्याच्या किमतीवरून ठरत नाही. त्याच्या आधी काय लावलंय त्यावरून ठरतं. तुझी तक्रार काय आहे ते सांग आधी. दुकानातलं राहू दे, घरातली सांग.

मामा : ‘स’ टोचतो. नाट्यगीतात तर फारच. ‘सखे’, ‘सजणा’ आलं की कानात काडी घातल्यासारखं होतं. आणि रेकॉर्डच्या आतल्या भागाकडे गेलं की जास्तच.

भाची : आतल्या भागाकडे जास्त होतं, म्हणजे पहिला संशय सुईवर. तुझी सुई इलिप्टिकल आहे. ऑडिओ-टेक्निका स्वतः त्या सुईचं आयुष्य साधारण ३०० तास सांगते. रोज एक एलपी, चाळीस मिनिटं धर. सव्वा वर्षात तीनशे तास भरतात. तुझी सुई कधीची?

मामा : सव्वा वर्षापेक्षा जुनी आहे, एवढं नक्की.

भाची : मग सुई पहिली. नंतर केबल. ही खालची पाटी बघ, ‘कपॅसिटन्स’ लिहिलेली. दोन बारीक खटके आहेत. तुझा २०० पिकोफॅरडवर आहे. टर्नटेबलपासून कपाटाच्या पलीकडे नेलेली ही केबल दोन मीटरची, तिचे धर आणखी दोनेकशे. झाले चारशे. तुझं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, एटी-व्हीएम९५ई. त्याला १०० ते २०० एवढाच भार चालतो.

मामा : चारशे झाले तर काय आभाळ कोसळतं?

भाची : कार्ट्रिजच्या आत तारेचं वेटोळं आहे, ५५० मिलिहेन्रीचं. वेटोळं आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक स्वराला ते घुमतात. दोनशे पिकोफॅरड असतील तर ते घुमणं १५ किलोहर्ट्झच्या आसपास पडतं, तिथे ते फारसं जाणवत नाही. चारशे झाले की तेच साडेदहावर उतरतं. आणि त्याच्या अलीकडे, ‘स’ आणि ‘श’ जिथे राहतात त्या पट्ट्यात, दोन-अडीच डेसिबलचा उंचवटा येतो. तुझी टोचणारी काडी तीच असू शकते.

मामा : म्हणजे मीटरभराची केबल आणली आणि खटका १०० वर सरकवला की झालं?

भाची : एवढंच. खर्च हजाराच्या आसपास. आणि आता तुझा व्हॉल्व्हवाला घेऊ. त्यात ईसीसी८३ व्हॉल्व्ह असेल, बहुतेकांत तोच असतो. त्याच्या ग्रिड आणि प्लेटमधे जेमतेम दीड पिकोफॅरड असतात, पण व्हॉल्व्ह संकेत पन्नास-साठ पट वाढवतो तेव्हा आत शिरणाऱ्या संकेताला ते शंभरच्या आसपास भासतात. म्हणजे कुठलाही खटका लावायच्या आधीच शंभर तिथे बसलेले. त्यावर तुझी दोन मीटरची केबल. ऐंशी हजार देऊन ‘स’ आहे तिथेच राहील. दुकानात तो टोचला नाही, कारण तिथली केबल आखूड असणार आणि कार्ट्रिजही कदाचित वेगळं. ऑर्टोफॉनच्या टू-एम रेडला १५० ते ३०० चालतात.

मामा : हं. आणि ही घूं घूं? रात्री शांत झालं की ऐकू येते.

भाची : फोनोला घूं घूं इतरांपेक्षा जास्त छळते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि आरआयएए ५० हर्ट्झला १७ डेसिबल वर उचलतो. म्हणजे मधल्या स्वरांच्या तुलनेत सातपट. सीडीला ती अडचण नसते. एक कर : सुई तबकडीवर न टेकवता आवाज वाढव. सळसळ ऐकू आली तर ती फोनोची स्वतःची. घूं आली तर ती बहुतेक बाहेरून येतेय. टर्नटेबलमधून निघालेली बारीक अर्थिंगची तार फोनोच्या स्क्रूला घट्ट आहे का ते बघ. मग फोनोचा डबा ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब सरकव, वळवून बघ. तुझ्या कपाटात तो ॲम्प्लिफायरच्या डोक्यावरच बसवलाय.

मामा : जागा नव्हती म्हणून.

भाची : ट्रान्सफॉर्मरला त्याचं काय! महागडा फोनो तिथेच ठेवलास तर तोही घूं करणार.

मामा : बरं बाई, ‘स’ झाला, घूं झाली. पण तू मोजतेस ती बिघाडाची यादी. मी दुकानात जे ऐकलं त्यात बिघाड नव्हता, काहीतरी जास्तीचं होतं. भीमसेनांचा षड्ज सुटला तेव्हा त्याला अंग होतं.

भाची : ते जास्तीचं खरंही असेल. व्हॉल्व्ह दुसरा हार्मोनिक थोडा मिसळतो, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर, बारीक प्रमाणात. कानाला ते गोड लागतं. पण ते भीमसेनांनी गायलेलं नाही, डब्यानं घातलेलं आहे.

मामा : अगं, तंबोऱ्याच्या घोडीवर आपण दोरा सरकवतो तो कशासाठी? जवारी लागावी, सूर फुलावा, म्हणून. दोरा काढला तर तारेचा स्वर तुझ्या हिशेबानं जास्त ‘शुद्ध’ होईल आणि ऐकायला मेलेला लागेल. आपल्या संगीतात जास्तीचं घालणं हे पाप नाही.

भाची : मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण जवारी गायकानं लावून घेतलेली असते, त्याच्या पट्टीला, त्याच्या गळ्याला. ती रेकॉर्डमधे आलेलीच आहे. आता प्रत्येक गायकाच्या तंबोऱ्यात तू घरी बसून आपला एक दोरा सरकवणार? तोच दोरा किशोरीताईंनाही, तोच बिस्मिल्लांच्या सनईलाही?

मामा : मला तसा आवडला तर सरकवीन. ऐकणारा मीच आहे ना?

भाची : सरकव. फक्त त्याला ‘चांगला फोनो’ म्हणू नकोस, ‘माझ्या चवीचा फोनो’ म्हण.

मामा : आणि पुढे मागे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज घ्यायचं म्हटलं तर? डेनॉनचं डीएल-१०३ घ्यायचं मनात आहे फार दिवसांपासून. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनवलेलं, साठच्या दशकातलं, अजून निघतंय. त्याला तर हा डबा पुरणार नाही?

भाची : तिथे मात्र तुझं बरोबर, डबा बदलावाच लागेल. तुझं आत्ताचं कार्ट्रिज ४ मिलिव्होल्ट देतं, डीएल-१०३ फक्त ०.३. शंभर पट केलं तर ३० मिलिव्होल्ट, ॲम्प्लिफायर ढुंकूनही बघणार नाही. हजार पट, म्हणजे ६० डेसिबल हवेत. पण इतका गेन दिला की व्हॉल्व्हची स्वतःची सळसळही ऐकू यायला लागते, म्हणून व्हॉल्व्हवाले बहुतेक वेळा आधी ट्रान्सफॉर्मर लावतात. एकास दहाचा लावला तर ०.३ चे ३ मिलिव्होल्ट होतात आणि कार्ट्रिजला फोनोचे ४७ हजार ओहम ४७० दिसतात. तेही जमतं. पण मग दुकानदाराचे ऐंशी हजार ही सुरुवात. ट्रान्सफॉर्मर वेगळा, आणि डीएल-१०३ ला जड टोनआर्म लागतो तोही वेगळा.

मामा : म्हणजे ६० डेसिबलचा फोनो आत्ताच घेऊन ठेवला तर दोन्हीला चालेल.

भाची : गेन बदलण्याचा खटका असला तर चालेल, नसला तर नाही. तुझे ४ मिलिव्होल्ट हजार पट केले की ४ व्होल्ट. हे नेहमीच्या पातळीला. बाई वरच्या षड्जावर गेल्या, पखवाजवाल्यानं थाप मारली, की चौपट-पाचपट. सोळा ते वीस व्होल्ट काढायची ताकद या डब्यांत नसते. माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. जास्त गेन म्हणजे जास्त चांगला असं फोनोत अजिबात नाही.

मामा : तुझ्याशी बोलताना प्रत्येक वेळी खिशात हात घालायच्या आधीच हात बाहेर निघतो. ठीक. आता माझा प्रश्न. आबांच्या ७८ च्या तबकड्या. अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, हिराबाई, केसरबाई. तुझा आरआयएए १९५४ चा ना?

भाची : हो.

मामा : खाँसाहेब १९३७ ला गेले. बालगंधर्वांच्या ऐन भरातल्या रेकॉर्डही १९५४ च्या कितीतरी आधीच्या. मग त्या तुझ्या ठरवून दिलेल्या कर्व्हनं का वाजवायच्या?

भाची : वाजवायच्या नाहीतच खरं म्हणजे. १९२५ च्या आधी तर विजेवर रेकॉर्डिंगच नव्हतं. भोंग्यासमोर गायचं आणि त्या थरथरीनं सुई थेट मेणात कापायची. तिथे ठरवलेला कर्व्ह असा नव्हताच. पुढे विजेवर आलं तेव्हा प्रत्येक कंपनीचा आपला हिशेब. एचएमव्ही-कोलंबियाच्या बऱ्याच ७८ मधे खर्ज २५० हर्ट्झच्या खाली कमी केलेला असतो, आरआयएएमधे ५०० च्या खाली. आणि वरच्या स्वरांना त्यांनी चढवलेलं नसतं.

मामा : म्हणजे आपला डबा काय करतो?

भाची : जे चढवलंच नाही ते उतरवतो. ५ किलोहर्ट्झला आठ डेसिबल कमी, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि १०० हर्ट्झच्या आसपास चार-पाच डेसिबल जास्त.

मामा : मग मी म्हणत होतो ते खोटं नव्हतं! बालगंधर्वांचा आवाज गोधडीखालून येतो, शब्दांच्या कडा जातात, ऑर्गन मात्र फुगून बसतो. तू म्हणायचीस, जुन्या रेकॉर्ड अशाच असतात.

भाची : सळसळही त्यामुळे कमी होते ना, म्हणून लोकांना ते बरंच वाटतं. पण कर्व्ह बदलता येणारे फोनो मिळतात. खर्ज कुठून सुरू करायचा आणि वरचे किती उतरवायचे, यांचे दोन वेगळे नॉब. मोनोचा खटकाही हवा. ७८ ची चर फक्त आडवी हलते. स्टिरिओ कार्ट्रिज उभ्या हालचालीतला कचराही उचलतं, दोन्ही बाजू एक केल्या की तो कचरा एकमेकांना कापतो. आणि सुई वेगळी, टोकाची त्रिज्या इंचाच्या तीन सहस्रांश असलेली. एलपीची सुई त्या चरीच्या तळाशी घासत जाते.

मामा : मग २५० वर नॉब लावला की झालं काम?

भाची : एचएमव्हीच्या तबकडीला तिथून सुरुवात करायची. पण ओडियन वेगळी, आपल्या मुंबईची यंग इंडिया वेगळी, आणि एकाच कंपनीचीही दहा वर्षांनी वेगळी. लेबलवर कुणी कर्व्ह छापलेला नाही. तिथे माझा मल्टिमीटर काय मोजणार? मोजायला मानकच नाही. एलपीला मी सांगते ते ऐक. ७८ ला नॉब फिरवायचा तो तुझ्या कानांनी. बालगंधर्वांचा गळा, सारंगी आणि ऑर्गन आपापल्या जागी बसले की थांबायचं.

मामा : हे तू म्हणतेस? मघापासून डेसिबल-डेसिबल करणारी?

भाची : कानांवर माझा राग कधीच नव्हता. माप उपलब्ध असताना कानांवर भार टाकायचा, याच्यावर होता. एक सोपा मार्गही आहे. कुठलाच कर्व्ह न लावता तबकडी संगणकावर घ्यायची आणि कर्व्ह तिथे लावायचा. हवा तेवढ्या वेळा बदलता येतो.

मामा : मला रेकॉर्ड ऐकायचीय, फाइल नाही. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवली, माहितीये ना? सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा दिली.

भाची : फोनो?

मामा : नाही दिला.

भाची : मग परग्रहावरही मामा-भाची भांडणार.

मामा : भांडू देत. आता माझा हिशेब ऐक. सुई नवी. केबल आखूड. डबा ॲम्प्लिफायरवरून खाली. ७८ साठी जाड सुई आणि कर्व्हचे नॉब असलेला फोनो. याला ना नाही ना तुझी?

भाची : अजिबात नाही. या घरात फोनोवर पैसे घालायचं खरं कारण तेच आहे. फक्त घेताना बघून घे : एलपीसाठी आरआयएए हवा, गेन दोन-तीन पायऱ्यांचा हवा, कपॅसिटन्स १०० पर्यंत खाली जायला हवा. म्हणजे एलपी आणि ७८ दोन्ही त्याच्यावरच, दुसरा डबा नको.

मामा : तरीही तो व्हॉल्व्हवाला माझ्या डोक्यातून जात नाही.

भाची : मग दुकानदाराला सांग, आठवडाभर घरी दे. टेस्ट रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झचा स्वर लावून दोन्ही डब्यांचं व्होल्टेज मी स्पीकरपाशी दोन टक्क्यांच्या आत जुळवते. केबल तीच, सुई तीच. मी जोडणी बदलणार, तू सांगायचं कुठला वाजतोय.

मामा : आणि पाच मिनिटांत ‘ए की बी’ असलं काही चालणार नाही. अख्खी बाजू ऐकणार मी, यमनचा विलंबित ख्याल संपेपर्यंत. गाणं तुकड्यांत कळत नाही.

भाची : मान्य. त्याला दिवस जास्त लागतील, लागू देत.

मामा : ओळखता आला आणि आवडलाही तर?

भाची : तर घे. ऐंशी हजार तुझे, चव तुझी. मी त्याची केबल स्वतः बनवून देईन, आखूड.

मामा : आणि ओळखताच आला नाही तर?

भाची : तर त्या पैशांच्या एलपी घ्यायच्या. आणि निवडताना मला बरोबर न्यायचं.

मामा : दुकानदाराला आत्ताच फोन लावतो. मल्टिमीटरचे सेल आधी तपासून ठेव, आयत्या वेळी ते कारण नको.